शरदातील बागकाम : ओल आणि रात्र यांचा हिशेब

आश्विन लागतो तेव्हा बाग वर्षभरातील सर्वांत हिरवी दिसते आणि नेमकी त्याच वेळी ती आतून थकलेली असते. चार महिन्यांच्या पावसाने कुंड्यांतील नत्र धुऊन नेलेले असते, वाफ्यांतील माती थेंबांच्या माऱ्याने दडपून बसलेली असते, मुळांना हवा कमी पडलेली असते आणि अशा अवस्थेत तिच्यावर एकाएकी ऑक्टोबरचे कडक ऊन उतरते. या दिवसांत बागेत काय करावे आणि काय करू नये, ते येथे सांगायचे आहे. लेख महाराष्ट्राच्या पठारी भागाला धरून लिहिला आहे. कोकणात पाऊस रेंगाळतो आणि हवेतील दमटपणा टिकतो, म्हणून तेथे यातील बहुतेक कामे दोन-तीन आठवडे उशिरा घ्यावीत.

तारखांवर मी फारसा भर देणार नाही. शरदात बागेला हलवणाऱ्या गोष्टी दोनच असतात. जमिनीतील ओल रोज थोडी कमी होत असते आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवसाशी बरोबरी साधलेली रात्र त्यानंतर रोज थोडी मोठी होत असते. कोणते काम आज करायचे आणि कोणते पुढे ढकलायचे, हे या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा उलगडते. जुन्या ग्रंथकारांनी, कवींनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी या ऋतूविषयी जे नोंदवून ठेवले आहे, तेही याच दोन गोष्टींभोवती फिरते, म्हणून त्यांना सोबत घेऊनच पुढे जाऊ.

वाफसा येईपर्यंत थांबावे

पाऊस उघडला की कुदळ हातात घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. ओली चिखलट माती खणली की तिची ढेकळे होतात, ती उन्हात विटेसारखी वाळतात आणि मग हिवाळाभर फुटत नाहीत. काळ्या मातीत तर हे हमखास होते. मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने तो भुसभुशीत सुटला, तर वाफसा आला असे समजावे. गोळा तसाच राहून बोटांना चिकटला, तर आणखी दोन-चार दिवस जाऊ द्यावेत.

वाफसा आला की पहिले काम तणांचे. पावसाळी तणे याच सुमारास बी धरतात, त्यामुळे आता गेलेला एक आठवडा पुढच्या पावसाळ्यात महाग पडतो. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे आणि ते करताना हातमोजे घालावेत, कारण त्याने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. बी न धरलेले तण खतकुंडीत चालते. बी धरलेले मात्र तिथे टाकू नये, कारण घरगुती खतकुंडी बियांची उगवणशक्ती मारण्याइतकी क्वचितच तापते.

त्यानंतर वाफे चार-पाच इंच खोल हलके खणून त्यांत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. बारा इंची कुंडीला वरची दोन इंच माती मोकळी करून दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी होते. पाने पिवळी पडली म्हणून घाईने रासायनिक खताचा मोठा डोस देऊ नये. पावसात गुदमरलेली मुळे ते घेऊ शकत नाहीत आणि वरून ऊन लागले की पानांच्या कडा करपतात. आधी मुळांना हवा, मग खत, हा क्रम सोडू नये.

आच्छादन घालण्याची वेळही वाफशावरूनच ठरते. माती भिजलेली असतानाच पाला अंथरला, तर खोडाशी बुरशी धरते आणि पार कोरडी झाल्यावर अंथरला, तर धरून ठेवायला ओलच उरलेली नसते. आठवडाभर ऊन खाल्लेल्या, पण आत ओलसर असलेल्या मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवावी.

पाण्याचा प्रश्न याच ओघात येतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक छोटा अध्याय आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तर पाणी द्यावे, असे तो सांगतो. शरद हा या वेळापत्रकातील सांधा आहे. सुरुवातीला पावसाळ्याचा नियम लागू होतो, म्हणजे बोट दोन इंच खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे; आश्विनाच्या मध्यापासून हळूहळू ठरावीक दिवसांचा पाळा धरावा. पाऊस गेल्याबरोबर रोज पाणी घालणाऱ्यांच्या कुंड्यांत मुळे वरच्या वर राहतात आणि फेब्रुवारीत त्यांचे हाल होतात.

त्याच अध्यायात झाडे हलवून लावण्याचा काळही दिला आहे. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगले खोड झालेली झाडे पावसाच्या आगमनाला लावावीत, आणि मूळ जागी त्यांची जी बाजू ज्या दिशेला होती ती तशीच ठेवावी, असे तो म्हणतो. या श्लोकात शरदाचे नाव नाही. ते का नाही याचा उलगडा ऑक्टोबरात नवे आंब्याचे किंवा चिकूचे रोप लावणाऱ्याला आठ दिवसांत होतो: वरून उन्हाचा ताप वाढत असतो, खालची ओल उतरत असते आणि हलवताना तुटलेली मुळे या दोहोंच्या कात्रीत सापडतात. म्हणून मोठी झाडे आणि फळझाडे या दिवसांत जागेवरून हलवू नयेत. पिशवीतील रोप आणलेच असेल, तर ते अर्धसावलीत ठेवून थंडी पडेपर्यंत सांभाळावे.

गुलाबाची छाटणी आणि बोर्डोची गोष्ट

द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची, म्हणजे गोडी छाटणीची, लगबग सुरू असते तेव्हाच घरच्या गुलाबाचीही छाटणी करावी. पाऊस पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच कात्री लावावी, कारण ओल्या हवेत कापलेल्या टोकांतून बुरशी आत शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. आधी सुकलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. मग जोमदार चार-पाच फांद्या ठेवून त्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच जागा सोडून, तिरक्या कापाव्यात. कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे आलेले असतील तर ते मुळाशी खरवडून काढावेत. गावठी गुलाबाला आणि वेलगुलाबाला एवढी कठोर छाटणी करू नये. त्यांची फक्त साफसफाई पुरेशी आहे. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात, तेव्हा ज्या दिवशी फुले हवी असतील त्या दिवसापासून उलटे मोजून छाटणीची वेळ ठरवता येते.

कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण, लावावी. तिचा शोध हा बागेच्या इतिहासातील माझ्या आवडीचा प्रसंग आहे. फ्रान्समधील बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना फासत असत, तो केवळ वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून. १८८२ मध्ये केवडा रोगाने बागा ओस पडत असताना या फासलेल्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरले. त्यावर प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये हे मिश्रण जाहीर केले. घरी पेस्ट करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, धातूची घेऊ नयेत. चुना थंड झाल्यावर दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळावीत. त्यात लोखंडी पाते क्षणभर बुडवून पाहावे आणि त्यावर तांबूस थर आला, तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

या दिवसांत गुलाबावर आणि जास्वंदीवर भुरी, मावा आणि पिठ्या ढेकूण दिसू लागतात. कडुनिंबाचे तेल लिटरला पाच मिली, साबणाच्या थोड्या पाण्यात घोटून, ऊन उतरल्यावर फवारावे. भुरीसाठी गंधक उपयोगी असले तरी ऑक्टोबरच्या भर उष्म्यात ते पाने जाळते, म्हणून हवा उतरेपर्यंत ते बाजूला ठेवावे.

शेवंतीला अंधार हवा असतो

शेवंतीचे शेंडे खुडण्याचे काम ऑगस्टअखेर संपलेले असायला हवे. ते राहून गेले असेल तर आता खुडू नये, कारण आता खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे कमी झालेले फूल. या महिन्यात फांद्यांना काठीचा आधार द्यावा, बुडाची पिवळी पाने काढावीत, पाणी पानांवर न ओतता मुळाशी द्यावे आणि मोठी फुले हवी असतील तर प्रत्येक फांदीवरची मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. कळीला रंग चढू लागला की खत बंद करावे.

हे सगळे नीट करूनही एके वर्षी माझ्या दोन कुंड्या डिसेंबर संपेपर्यंत नुसत्या पाल्याने भरलेल्या राहिल्या, आणि पाच पावलांवरच्या, त्याच रोपापासून केलेल्या कुंड्या मात्र फुलांनी वाकल्या होत्या. त्या दोन कुंड्या जिन्याच्या दिव्याखाली होत्या आणि तो दिवा रात्रभर जळत असे.

यामागचे कारण गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत राहतो आणि हिवाळ्यात काचगृहात मात्र फुलतो, याचे त्यांना कोडे पडले होते. खत, ऊब, ओल असे एकेक कारण बाद करत ते दिवसाच्या लांबीपाशी पोचले. दिवस कृत्रिमरीत्या लहान केल्यावर तो तंबाखू भर उन्हाळ्यातही फुलला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की अशी झाडे दिवसापेक्षा रात्र मोजतात: लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ प्रकाश पाडला, तरी झाड ती रात्र छोटीच धरते. शेवंती या लांब रात्रीच्या झाडांपैकी आहे. म्हणून सप्टेंबरच्या शेवटापासून तिच्या कुंड्या रस्त्याच्या, गच्चीच्या आणि जिन्याच्या दिव्यांपासून दूर हलवाव्यात. हलवणे शक्य नसेल तर संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत त्यांवर काळे, जाड कापड टाकावे आणि कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नये. कापड रोपाला टेकू नये म्हणून चार काठ्या रोवाव्यात.

पांढऱ्या फुलांचा कोपरा

कालिदासाच्या ‘ऋतुसंहार’ काव्याच्या तिसऱ्या सर्गात शरदाचे वर्णन आहे. त्याच्या आरंभीच्याच एका श्लोकात कवी पांढऱ्या वस्तूंची रांग लावतो: कास गवताने पृथ्वी, चंद्राने रात्री, हंसांनी नद्यांचे पाणी, कुमुदांनी सरोवरे, बहराने वाकलेल्या सप्तच्छदांनी रानाच्या कडा आणि मालतींनी उपवने शुभ्र झाली आहेत. सप्तच्छद म्हणजे आपली सातवीण आणि मालती म्हणजे जाई; अमरकोशात ‘सुमना मालती जातिः’ असे पर्याय दिले आहेत. पुढे याच सर्गात शेफालिकेच्या, म्हणजे पारिजातकाच्या, गंधाने भरलेली उपवनेही येतात.

बागकाम करणाऱ्याने हा श्लोक लागवडीची यादी म्हणूनही वाचावा. कास वाऱ्यावर परागण उरकते, तिला वगळू. सातवीण, जाई आणि पारिजातक यांचे पांढरेपण आणि संध्याकाळनंतर दाटणारा गंध हे मात्र अंधारात उडणाऱ्या पतंगांसाठी असते, कारण रात्री लाल-निळ्याचा उपयोग नसतो. संध्याकाळी जेथे बसणे होते तेथे असा पांढरा कोपरा करावा. सातवीण मात्र घराजवळ लावू नये. ते मोठे झाड आहे आणि त्याचा बहरातील वास इतका जड असतो की खिडकी उघडी ठेवणे अवघड होते. तिच्या शास्त्रीय नावातील ‘अल्स्टोनिया’ हा शब्द एडिंबरा येथील वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स अल्स्टन यांच्यावरून आला आणि ‘स्कोलारिस’ हा तिच्या लाकडाच्या पाट्या लिहिण्यासाठी वापरल्या जात त्यावरून.

पारिजातकाला या दिवसांत कात्री लावू नये, कारण फुले नव्या फुटीच्या टोकांकडेच असतात. बहर संपून झाड थंडीत सुस्तावले की मग छाटणी करावी. चपट्या शेंगा तपकिरी झाल्यावर प्रत्येकीत दोन बिया मिळतात. त्या सावलीत वाळवून पावसाच्या तोंडावर पेराव्यात. पाणी साचणारी जागा या झाडाला सोसत नाही.

या झाडाच्या नावाचा प्रवास गोव्यातून सुरू होतो. गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याला ‘दुःखी झाड’ म्हटले आणि येथील लोकांकडून ऐकलेली कथाही दिली: सूर्याने टाकून दिलेल्या एका सरदारकन्येने प्राण दिला, तिच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. हा ग्रंथ लॅटिनमधून युरोपभर गेला आणि १७५३ मध्ये लिनियसने झाडाचे नाव निक्टँथस आर्बोर-ट्रिस्टिस, म्हणजे ‘रात्रीचे फूल, दुःखी झाड’, असे कायम केले. अंगणात पहाटे सडा वेचणाऱ्यांना ते दुःखी वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

बी पेरताना रोपाचे मूळ गाव पाहावे

हिवाळी फुलांची बी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर पेरतात. पाकिटावरच्या सूचना बहुधा दुसऱ्याच हवामानासाठी लिहिलेल्या असतात, म्हणून त्यांच्यापेक्षा रोपाचे मूळ गाव पाहावे. गोड वाटाण्याची फुले, म्हणजे स्वीट पी, सिसिलीची आहेत. तेथील कुपानी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ साधूने १६९९ मध्ये त्यांचे बी इंग्लंडला पाठवले. सिसिलीत उन्हाळा कोरडा आणि हिवाळा सौम्य व ओला असतो, त्यामुळे ते रोप थंडीच्या तोंडावर उगवून उन्हाळ्याआधी संपते. आपल्याकडे त्याला ऑक्टोबरची पेरणी मानवते ती यामुळेच. बी रात्रभर भिजवून एक इंच खोल पेरावे. फ्लॉक्स टेक्सासमधील, थॉमस ड्रमंड या संग्राहकाने १८३५ मध्ये त्याचे बी ब्रिटनला पाठवले आणि त्याच वर्षी क्यूबात त्याचा मृत्यू झाला. फ्लॉक्सला वाळू मिसळलेली, निचऱ्याची माती द्यावी आणि बी मातीने नीट झाकावे. अँडीजकडून आलेल्या नॅस्टर्शियमला खत घातले की पानेच पाने होतात, फुले येत नाहीत. झेंडूला लोक ‘आफ्रिकन’ म्हणत असले तरी तो मेक्सिकोकडचा आहे.

पेरणीसाठी माती, वाळू आणि चाळलेले गांडूळखत समभाग घ्यावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल जावे. पिटुनियासारखे धुळीएवढे बी नुसते दाबून वर ठेवावे. पाणी फवाऱ्यानेच द्यावे आणि तेही सकाळी, कारण संध्याकाळी ओल्या राहिलेल्या ट्रेमध्ये रोपे बुडाशी कोलमडतात. चार ते सहा पाने आली की ऊन उतरल्यावर रोपे हलवावीत. पॅन्सीची मात्र घाई करू नये. तिचे बी उष्म्यात उगवत नाही, तिला कार्तिकातच पेरावे.

भाज्यांची यादी हवी असेल तर अरणच्या सावता माळींचा अभंग पुरेसा आहे. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी, लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी’ या ओळींतील मुळा, लसूण आणि कोथिंबीर या तिन्ही भाज्यांची ही वेळ आहे. मुळा जागेवरच पेरावा, कारण हलवलेला मुळा वाकडा होतो. धणे दोन भाग होतील इतपत हलके रगडून पेरावेत. लसणाच्या गड्ड्यातील बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडून, टोक वर ठेवून, एक इंच खोल आणि चार इंच अंतरावर लावाव्यात. ओळीतील मिरची आज आपण खातो तीच मानायची, तर ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे तेराव्या शतकातील सावतोबांनंतर दोन-अडीच शतकांनी. गाणाऱ्यांच्या मळ्यात जे पिकत गेले ते अभंगातही शिरले असावे. याच अभंगात पुढे ‘मोट नाडा विहीर दोरी’ येते, आणि दख्खनच्या बागांचा खरा इतिहास त्या चार शब्दांत आहे. येथे बागाईत म्हणजे मोटस्थळ किंवा पाटस्थळ, पाण्याच्या नावाने ओळखली जाणारी जमीन. शनिवारवाड्याची कारंजी उडाली तीही कात्रजहून नळाने आणलेल्या पाण्यावर.

वही आणि पाट्या

पेरलेल्या प्रत्येक ट्रेवर नाव आणि तारीख लिहावी, ती पेन्सिलीने, कारण शाई उन्हात उडते. नाव आपल्याकडे जे म्हणतात तेच लिहावे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाला, तेव्हा त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापली होती. झाडे ओळखणाऱ्यांची नावे त्या ग्रंथाने राखली. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी वनस्पती उद्यानाच्या बाबतीत तसे झाले नाही. तेथे अलेक्झांडर गिब्सन अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० च्या दरम्यान, एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने झाडांची सुंदर चित्रे काढली. ती आज एडिंबराला जपलेली आहेत, चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेले नाही. आपल्या वहीत चित्र नसले तरी चालेल, पण पहिला पाऊस उघडल्याचा दिवस, वाफसा आल्याचा दिवस आणि शेवंतीच्या पहिल्या कळीचा दिवस लिहून ठेवावा. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की स्वतःच्या अंगणापुरते वेळापत्रक तयार होते आणि या लेखातील अंदाज त्यावरून दुरुस्त करता येतात.

ग्लॅडिओलसचे कंद चार इंच खोल, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन हप्त्यांत लावावेत, म्हणजे फुले एकदम येऊन संपत नाहीत. तिसरा हप्ता लावून होईपर्यंत कार्तिकी पौर्णिमा जवळ येते आणि रात्री गारवा धरू लागतात. तेव्हापासून संध्याकाळचे पाणी बंद करून ते सकाळी, कोवळे ऊन पडल्यावर द्यावे.